महिला दोन, अनुसूचित एक

२४ एप्रिल १९९३ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हा गाजावाजा झाला तो पंचायतींत महिलांना मिळालेल्या एक तृतीयांश जागांचा. कलम २४३ ड मधल्या दुसऱ्या तरतुदीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही: अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतल्याही किमान एक तृतीयांश त्याच समाजातल्या स्त्रियांना. त्याच धर्तीवर सरपंचपदाच्या सोडतीत शाळकरी पोर चिठ्ठी काढतं आणि ‘अनुसूचित जाती महिला’ असा प्रवर्ग पुकारला जातो. जात आणि बाईपण एकाच चिठ्ठीवर. २०११ मध्ये महाराष्ट्राने महिलांचा वाटा निम्म्यावर नेला, तेव्हाही ही रचना टिकली.

दोन्ही एकत्र का मोजायचं? काळ्या स्त्रीवरचा अन्याय एकट्या वंशाच्या किंवा एकट्या लिंगाच्या रकान्यात मावत नाही, हे कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी अमेरिकेत १९८९ मध्ये मांडलं होतं. दलित स्त्रियांचं म्हणणं वेगळं का, हे राजकीय विचारवंत गोपाळ गुरूंनी १९९५ मध्ये लिहिलं.

सहकाराने मात्र जात आणि बाईपण एकत्र मोजण्याची ही रीत उचललीच नाही. सहकारी संस्थांबद्दलच्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्याचा सहकार कायदा बदलला. संचालक मंडळ जास्तीत जास्त एकवीस जणांचं. त्यात महिलांना दोन जागा, अनुसूचित जाती-जमाती मिळून एक, इतर मागासवर्गीयांना एक, भटके-विमुक्त आणि विशेष मागास मिळून एक. (ती घटनादुरुस्ती राज्यातल्या संस्थांपुरती सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द ठरवली, राज्याच्या कायद्यातल्या जागा राहिल्या.) कागदावर दलित बाईला दोन्ही दारं उघडी. पॅनल ठरतं तेव्हा मात्र राखीव जागेवर बहुधा पुरुष येतो आणि महिलांच्या जागांवर वजनदार घरांतल्या सुना-जावा. अहवालात दोन्ही रकाने भरलेले दिसतात, तक्रारीला जागाच उरत नाही.

स्वयंसेवी संस्थांचं तर याहून सोपं. विश्वस्त मंडळात स्त्रिया किती, कोणत्या समाजातले किती असावेत, याबद्दल राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा गप्प आहे. वस्त्यांवर, पाड्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्त्या आणि वरचं विश्वस्त मंडळ यांच्या याद्या कधी शेजारी ठेवून पाहा. माझ्या मते इतकी वर्षं ‘महिला किती’ एवढंच विचारून आपण सोयीचं तेवढं मोजलं.

वार्षिक सभेचा अहवाल छापायला टाकण्यापूर्वी सचिवांनी एवढं करावं: संचालकांच्या किंवा विश्वस्तांच्या यादीवरून कोणत्या प्रवर्गातल्या किती स्त्रिया, हा आकडा काढून छापावा, आणि त्यांतल्या कितीजणींना चेकवर सहीचा अधिकार आहे, तेही.