बोलता न येणाऱ्या बाळाची नजर कशी तपासतात?



पहिलीत आलेल्या मुलांची नजर आम्ही शिक्षक शाळेत तपासतो. एक डोळा झाकायचा आणि समोरच्या तक्त्यावरचे चिन्ह ओळखायचे. बहुतेक मुले पटापट सांगतात. एखादे मूल मात्र उजवा डोळा झाकला की गप्प होते आणि डावा झाकला की पुन्हा बोलू लागते. म्हणजे त्याचा डावा डोळा कमजोर आहे. आईवडील म्हणतात, "सर, हा तर उत्तरायणात उंच गेलेला पतंगसुद्धा ओळखतो!" खरे आहे, पण तो पतंग एकाच डोळ्याने पाहत असतो. मूल तक्रारही करत नाही, कारण सर्वांना असेच दिसते असे त्याला वाटते.

घाई कशासाठी?

पाहणे हे डोळ्याइतकेच मेंदूचेही काम आहे. लहानपणी एका डोळ्याकडून धूसर चित्र येत राहिले, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणे सोडून देतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून तो डोळा पुन्हा कामाला लावता येतो. परंतु हा उपचार साधारण सातव्या वर्षाच्या आत सर्वांत जास्त लागू पडतो. पुढे यश कमी होत जाते. म्हणून मुलाला अक्षरे येण्याची वाट पाहू नये.

वयाप्रमाणे तपासणी

तान्ह्या बाळाला 'काय दिसते?' असे विचारता येत नाही. मात्र कोऱ्या कागदापेक्षा नक्षीकडे बाळ जास्त वेळ पाहते, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९५८ च्या सुमारास दाखवून दिले. त्याच आधारावर पुढे डेव्हिडा टेलर यांची कार्डे तयार झाली. राखी रंगाच्या कार्डावर एका बाजूला काळे-पांढरे पट्टे असतात. बाळ कोणत्या बाजूला पाहते, हे तपासणारा कार्डाच्या मधल्या छिद्रातून बघतो. पट्टे बारीक बारीक करत जातात. बाळाची नजर पट्ट्यांकडे वळेनाशी झाली की त्याच्या नजरेची मर्यादा कळते.

तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांसाठी चित्रांचा तक्ता असतो. फिनलंडच्या डॉ. लेआ ह्यूवारिनेन यांनी १९७६ मध्ये सफरचंद, घर, चौकोन आणि गोल अशी चार चिन्हे तयार केली. धूसर दिसले की चारही चिन्हे गोलच वाटतात, त्यामुळे अंदाजाने उत्तर देता येत नाही. मूल लाजरे असेल तर हातातल्या कार्डावरचे तसेच चित्र बोटाने दाखवले तरी चालते.

त्याहून मोठ्या मुलांना इंग्रजी 'ई' अक्षराचा तक्ता दाखवतात. 'ई'ची बोटे कोणत्या दिशेला आहेत, ते हाताने दाखवायचे. मूल तक्त्यापासून ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट अंतरावर बसते. ६/६ म्हणजे चांगली नजर. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसते, ते या मुलाला ६ मीटरवरून दिसते. प्रत्येक डोळा वेगळा तपासणे सर्वांत महत्त्वाचे. झाकताना बोटांच्या फटीतून मूल पाहत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे.

घरी काय पाहावे?

- तीन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, हलत्या खेळण्यामागे नजर फिरवत नाही.
- सहा महिन्यांनंतरही डोळा तिरळा दिसतो. काही घरांत याला भाग्याचे लक्षण मानतात, पण तो आजार आहे.
- बाहुलीत पांढरी चमक दिसते. हा मोतीबिंदू किंवा डोळ्यातील गाठही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.
- एकच डोळा झाकल्यावर मूल रडते, हात बाजूला सारते.

३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. फारच लवकर जन्मलेल्या बाळाची त्याहूनही आधी करतात. सुटीत खानदेशात गावी बाळंतपण झाले असेल, तर बाळाला घेऊन सुरतेला परत येईपर्यंत थांबू नये. ही तपासणी तिकडेच करून घ्यावी.

तपासणी कोठे होते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतात. सुरतेत मजुरा गेटजवळचे नवी सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचे स्मीमेर या दोन्ही ठिकाणी नेत्रविभाग आहे. कारखान्याची पाळी चुकेल, मजुरी बुडेल, ही अडचण आम्ही समजतो. पण एका दिवसाच्या मजुरीपुढे मुलाचा डोळा मोठा आहे.

"मुलीला आत्तापासून चष्मा? पुढे लग्नाचे काय?" असेही काही पालक आम्हाला विचारतात. चष्मा आज लावला तर डोळा वाचेल. लाजेपायी टाळला, तर पुढे कितीही भारी चष्मा आणला तरी त्या डोळ्याला नीट दिसणार नाही.

आपल्या घरात सात वर्षांखालचे मूल असेल, तर त्याचा एकेक डोळा वेगळा तपासून घ्या, अशी सर्व पालकांना आमची कळकळीची विनंती आहे.