थंडीपूर्वी परसबाग, गोठा व घर यांची तयारी

दिवाळी सरली की खरिपाचे धान्य घरात येते, रब्बीच्या पेरण्या उरकत येतात आणि शेतकऱ्याचे सारे लक्ष शेताकडे लागलेले असते. घरामागचा परसू, गोठ्याची उत्तरेकडील भिंत आणि कोंबड्यांचे खुराडे यांची आठवण होते ती कडाक्याची पहिली रात्र उलटल्यावर. तोवर पपईचे शेंडे काळवंडलेले असतात. यासाठी जी काही तयारी करावयाची ती कार्तिक महिना संपण्यापूर्वीच करावी.

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसर थंडीसाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे, थंड वारे आले म्हणजे तेथे काही रात्री पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस असेच झाले होते. परंतु एकाच गावातही थंडी सर्वत्र सारखी नसते. निरभ्र व निर्वात रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते. म्हणून टेकाडावरील घराची बाग वाचते व ओढ्याकाठची करपते. आपला परसू सखल भागात असेल तर पपई, केळी व शेवगा यांची कोवळी रोपे वरच्या अंगाला लावावीत. सखल जागी मेथी, पालक, मुळा, गाजर, कोबी, वाटाणा ही थंडी मानवणारी पिके घ्यावीत.

थंडीपासून बागेचा बचाव करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पाणी हा होय. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती हळूहळू वर सोडते. शिवाय हिवाळ्यात विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. कडाक्याच्या थंडीची सूचना मिळताच दुपारनंतर वाफ्यांना हलके पाणी द्यावे. वाफे तुडुंब भरू नयेत. त्या आठवड्यात खुरपणी वा कुदळणी टाळावी. भुसभुशीत कोरडा थर हा घोंगडीसारखा असतो. तो खालची ऊब वर येऊ देत नाही आणि रोप मात्र उघड्यावर गारठते. पाचट किंवा भुसा यांच्या आच्छादनाचेही तसेच आहे. त्याने ओल टिकते, मुळांचे रक्षण होते. शेंड्याचे रक्षण होत नाही.

शेंड्यासाठी ताटीच हवी. पपई, आंबा, लिंबू यांच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपांभोवती तुराट्यांची किंवा कडब्याची ताटी तीन बाजूंनी उभी करून वर छप्पर द्यावे आणि आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी मोकळी ठेवावी. टोमॅटो, मिरची, कांदा यांच्या रोपवाटिकेवर संध्याकाळी गोणपाट किंवा जुने लुगडे काठ्यांवर ताणावे व ऊन येताच काढावे. कापड पानांना टेकले तर टेकलेली पानेच आधी जातात. थंडीच्या तोंडावर नत्राचा मोठा हप्ता देण्याचा मोह आवरावा. त्याने येणारी लुसलुशीत फूट प्रथम बळी पडते.

बागेत धूर करण्याच्या उपायाविषयी प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात मी एका शेतकरी बंधूंना पालापाचोळ्याचा मोठा ढीग पेटविण्याचा सल्ला दिला. रात्रभर धूर झाला, घरच्या मंडळींचे डोळे लाल झाले आणि सकाळी पपया करपल्या त्या करपल्याच. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी आदल्या दुपारी दोन घागरी पाणी प्रत्येक झाडाला घातले होते. त्यांची झाडे तगली. धूर जमिनीची ऊब अडवून धरतो हा समज फारसा खरा नाही. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा, आणि तोही ठिकठिकाणी लहान शेकोट्या केल्यास. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते. तो पालापाचोळा कंपोस्टच्या खड्ड्यातच शोभतो.

गोठ्याच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील मोकळ्या बाजूंना गोणपाटाचे पडदे लावावेत, पण छपराखालची फट बुजवू नये. कोंडलेल्या गोठ्यात मुताची वाफ साचते व जनावरांना, विशेषतः वासरांना, फुप्फुसाचा दाह होतो. वासरू थंडीपेक्षा ओलीने अधिक मरते. त्याच्याखाली पेंढ्याचा कोरडा थर असावा व तो रोज बदलावा. जन्मल्यावर एक-दोन तासांतच त्याला चीक पाजावा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका तरी मिळावा. कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती साधारण ३ अंशांनी कमी करावी. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर ऊब कमी पडते आहे आणि कडेला पळून चोची उघडून धापा टाकू लागली तर ती जास्त झाली आहे, असे समजावे.

आता घराविषयी एकच गोष्ट, परंतु गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती घरोघर जाऊन सांगावी. कोळशाची शेगडी पेटवून, दारे-खिडक्या लावून कोणीही झोपू नये. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, मळमळते व झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. निखाऱ्यांवर धूर दिसत नाही म्हणून ते निर्धोक आहेत असे मानणे ही प्राणघातक चूक होय. बाळंतिणीच्या खोलीत ही चूक विशेष होते, कारण तेथे वारा लागू नये म्हणून फटीसुद्धा चिंध्यांनी बुजविलेल्या असतात. खोली शेकावयाची असेल तर दार उघडे ठेवून शेकावी व निजण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवावी. पिलांच्या बंद खुराड्यासही हाच नियम लागू आहे. एखादा मनुष्य अशा खोलीत बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडाव्यात, त्यास मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

फेब्रुवारी संपता संपता रोपांवरील ताट्या उतरवाव्यात, पण मोडून चुलीत घालू नयेत. एप्रिलमध्ये त्याच रोपांना दुपारच्या उन्हापासून सावली लागते; तेव्हा त्याच ताट्या पश्चिमेच्या अंगाला उभ्या कराव्यात.