अंगणातला विझलेला सौरदिवा

पाऊस ओसरला की निर्मळ, नंदाखाल, आगाशी, भुईगाव या वसईच्या हिरव्या पट्ट्यात घरोघरी अंगणाची कामे निघतात. माजलेले रान काढायचे, शेवाळलेली फरशी घासायची, नारळीच्या सुकल्या झावळ्या उतरवायच्या. कुठे दिवाळीचा कंदील लागायचा असतो, कुठे पुढे नाताळचा गोठा मांडायचा असतो. अंगण दोन्ही घरांना लख्ख हवे असते. याच आवराआवरीत वाटेकडेला खोचलेले छोटे सौरदिवे उपटून कचऱ्यात जातात, कारण ते लागत नाहीत. माझे म्हणणे असे की, त्यांतल्या पुष्कळ दिव्यांचा फक्त सेल संपलेला असतो. पूर्वी पावसाने उखडलेले अंगण दरवर्षी चोपून, सारवून नवे केले जाई. दिव्याची देखभालही त्याच नेमात बसवायला हवी.

हे पटण्यासाठी दिवा उघडून पाहावा. आत असते तरी काय? सौरपट्टी, एलईडी, चिमुकले सर्किट आणि बहुधा १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड सेल. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. सर्किट सेलचा दाब तेवढा वाढवते. पट्टीकडून वीज येणे थांबले की अंधार पडला हे त्यालाच कळते आणि दिवा लागतो. असा सेल काही शे वेळा चार्ज होतो. रोज भरणारा आणि रोज रिकामा होणारा सेल वर्षा-दोन वर्षांत थकला तर नवल नाही. पट्टी आणि एलईडी मात्र पाणी न शिरल्यास कितीतरी अधिक टिकतात. म्हणून आधी चार्ज केलेला चांगला सेल घालून पट्टी हाताने झाकावी. दिवा लागला तर निदान झालेच. नाही लागला तर सेलच्या पत्र्या पाहाव्यात. खाऱ्या दमट हवेत त्यांच्यावर गंज चढतो. तो काचकागदाने घासून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा, तुटकी तार सोल्डर करून घ्यावी. मळलेली पट्टी साबणाच्या पाण्याने पुसावी. घड्याळात घालतो तो साधा सेल इथे चालत नाही; तो चार्ज होण्यासाठी बनवलेला नसतो आणि गळतो. भिंतीवरच्या मोठ्या दिव्यांत लिथियमचे सेल असतात, ३.२ किंवा ३.७ व्होल्टचे. त्यांची अदलाबदल करू नये. जुन्यावर छापलेला आकडा पाहूनच नवा घ्यावा.

जागेचा विचार तर फार थोडे जण करतात. वसई साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दिवाळीच्या सुमारास भरदुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तर क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर येतो. मे महिन्यात उन्हात असलेला दिवा हिवाळ्यात दक्षिणेकडच्या आंब्याच्या सावलीत जातो. अशा वेळी जास्त क्षमतेचा सेल घालूनही उजेड वाढत नाही, कारण चिमुकली पट्टी जेवढे भरेल तेवढेच मिळणार.

नवा दिवा स्वस्तात मिळत असताना ही खटपट कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण नव्या दिव्यातही तसलाच सेल असतो. दोन वर्षांनी तोही विझेल, आणि प्रत्येक वेळी चांगली पट्टी व एलईडी फुकट जाईल. काही दिवे चिकटवून बंद केलेले असतात, ते खरोखर दुरुस्त होत नाहीत. म्हणून घेतानाच स्क्रूने उघडणारा, सेल बदलता येणारा दिवा निवडावा. विजेचा झगझगीत फोकस का नको, असेही विचारले जाते. पायरी आणि वाटेची कड दिसण्यापुरता उजेड अंगणाला पुरतो. भिजणाऱ्या जमिनीतून वायरही ओढावी लागत नाही. उरतो जुन्या सेलचा प्रश्न. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण घरातूनच ते ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळले तर गोळा काय होणार? टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळ्या डब्यात ठेवावेत आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावेत. चांगले दिवे मिरगाआधी पुसून, सेल काढून घरात कोरड्या जागी ठेवले, तर दसऱ्याला फक्त चार्ज करून मांडायचे उरतात.