प्रस्तावनेच्या तीन चाली

प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायला बसलेला विद्यार्थी लगेच ओळखू येतो. तो टेबल आवरतो, संदर्भसूची पुन्हा एकदा वर्णानुक्रमे लावतो आणि मार्गदर्शकांचा फोन आला की ‘सर, डेटाचं काम चालू आहे’ म्हणतो. प्रयोग झालेले असतात, आकडे हाताशी असतात, गाडी अडते ती लिहिण्यापाशी. त्यातून तो मराठी माध्यमातला असेल तर सगळं खापर स्वतःच्या इंग्रजीवर फोडून मोकळा होतो.

हे खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय, हे ज्या संस्थेनं नीट दाखवून दिलं ती अमेरिकेत आहे. मिशिगन विद्यापीठाची, अ‍ॅन आर्बरची इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट. १९४१ साली भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी ती काढली. सुरुवातीचे विद्यार्थी मुख्यतः लॅटिन अमेरिकेतून आलेले. वाक्याचा साचा घ्यायचा आणि जिभेवर बसेपर्यंत घोटायचा, अशी तिथली शिस्त होती. बोलायला त्याचा उपयोग होत असे, पण अशा घोटण्यातून शोधनिबंध लिहिता येत नाही.

१९८५ मध्ये जॉन स्वेल्स संस्थेचे संचालक झाले आणि २००१ पर्यंत राहिले. हे ब्रिटिश गृहस्थ त्याआधी लिबियात, सुदानात शिकवून आलेले. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना इंग्रजीतून वाचणं-लिहिणं भाग पडतं तेव्हा नेमकं कुठं अडतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात असताना, १९८१ साली, त्यांनी वेगवेगळ्या विद्याशाखांचे ४८ शोधनिबंध घेतले आणि त्यांच्या फक्त प्रस्तावना तपासल्या. व्याकरण बाजूला ठेवून त्यांनी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे वाक्य इथं काय काम करतंय? विषय कितीही वेगळे असले तरी लेखक त्याच त्या चाली त्याच क्रमानं खेळत होते. आधी त्यांनी चार चाली मोजल्या होत्या. १९९०च्या ‘जॉनर अ‍ॅनालिसिस’ या पुस्तकात त्या तीन झाल्या. पहिली चाल, हा प्रांत महत्त्वाचा आहे आणि इथं काम झालेलं आहे हे सांगणं. दुसरी, त्यातली रिकामी जागा दाखवणं. तिसरी, त्या जागेवर आपण बसणं.

आता समजा, नाशिककडचा एक विद्यार्थी द्राक्षांवरच्या केवडा रोगावर लिहितोय. आपल्याकडचा पहिला खर्डा कसा असतो? ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे.’ मग द्राक्षाचं मूळस्थान, मग राज्यातलं उत्पादन, मग रोगाचा इतिहास. संशोधनाचा प्रश्न उगवतो चौथ्या पानावर, तोही परिच्छेदाच्या पोटात. तीन चालींनी लिहिलं तर तेच असं होईल: ‘छाटणीनंतर पाऊस लांबला की केवडा बळावतो, हे अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. पण हे अभ्यास उघड्या बागांमधले आहेत. प्लास्टिक आच्छादनाखालच्या बागांचं काय, हे त्यांतून कळत नाही. प्रस्तुत लेखात अशा बागांमधल्या तीन हंगामांच्या नोंदी तपासल्या आहेत.’ उदाहरण माझ्या पदरचं आहे, पण सगळी गंमत त्या ‘पण’मध्ये आहे, हे कुणाच्याही ध्यानात येईल. त्यात इंग्रजीचा काही संबंध नाही.

स्वेल्स आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टीन फीक यांनी हे सगळं वर्गात उतरवलं. ‘अकॅडेमिक रायटिंग फॉर ग्रॅज्युएट स्टुडंट्स’ हे त्यांचं पुस्तक १९९४ मध्ये आलं, तिसरी आवृत्ती २०१२ची. त्यातल्या युक्त्या बारीक आहेत. उदाहरणार्थ, नुसतं ‘यामुळे’ लिहून वाचकाला मागं शोधायला लावू नका, ‘या घसरणीमुळे’ असं नामासकट लिहा. तक्त्यावर भाष्य करताना दावा किती ताणायचा, ‘होतं’ म्हणायचं की ‘होत असावं’, यावर तर आख्खा धडा आहे. मला हा धडा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे दावा एक तर छातीठोक असतो, नाही तर नसतोच.

संस्थेनं पुढं विद्यार्थ्यांच्या लेखनाचा संग्रहही केला: ‘ए’ श्रेणी मिळालेले सुमारे ८३० निबंध, १६ विषय, जवळपास २६ लाख शब्द. शिकणाऱ्यासमोर नोबेल विजेत्याचा लेख ठेवण्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी पुढं असलेल्याचा लेख ठेवणं शहाणपणाचं. आणि अडचण फक्त इंग्रजीची नाहीच: त्याच विद्यापीठातल्या स्वीटलँड सेंटर फॉर रायटिंगमध्ये इंग्रजीच मातृभाषा असलेले विद्यार्थीही प्रबंधाची प्रकरणं घेऊन येतात.

या पद्धतीचा तोटाही आहे. ‘यावर कुणीच काम केलेलं नाही’ हे वाक्य आता इतकं स्वस्त झालंय, की रिकामी जागा खरी की ओढूनताणून काढलेली, हे पाहायला कुणाला सवड नसते. आणि हे सारं ज्ञान शेवटी इंग्रजीच्याच पखाली भरतं. स्वेल्सना ते दिसत होतं. १९९७ च्या एका लेखात त्यांनी इंग्रजीला टायरानोसॉरस रेक्सची उपमा दिली, इतर भाषांमधलं ज्ञानलेखन फस्त करणारा डायनासोर म्हणून. इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थेच्या संचालकानं हे लिहावं, याला धाडस लागतं.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या टक्क्यांनिशी आखून दिल्या आहेत: दहा टक्क्यांपर्यंत माफ, साठच्या पुढं नोंदणी रद्द. २०१९ मध्ये पीएचडीसाठी संशोधन-नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. त्यात नीती आहे, प्रकाशनातले गैरप्रकार आहेत, संशोधनाचा प्रभाव मोजणारे निर्देशांक आहेत. प्रकरण लिहायचं कसं, एवढं मात्र नाही. चोरी पकडायला सॉफ्टवेअर आणि लिहायला शिकवायला कुणी नाही, हा उलटा कारभार आहे. मग विद्यार्थी नाइलाजानं जुन्या प्रबंधांतले परिच्छेद उचलतात आणि शब्द फिरवून टक्केवारी खाली आणतात.

पीएचडीच्या पूर्वतयारीला किमान बारा श्रेयांकांचं काम आहेच. त्यातले दोन लेखनाला द्यावेत, विभागातल्याच एखाद्या चांगलं लिहिणाऱ्या प्राध्यापकाकडे सोपवावेत आणि मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनाही त्याच वर्गात बसवावं. वर्गाला लागणारी सामग्री आपल्या ग्रंथालयांत आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पडून आहे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी येत्या वर्षी एवढं तरी करून पाहावं.