मोकळी जागा आणि मोकळा प्रवेश : वरळीच्या बीडीडी चाळींच्या निमित्ताने

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, सामाईक संडासाच्या रांगेतून स्वतःच्या न्हाणीघरात. शंभर वर्षांत या वस्तीच्या वाट्याला आलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. ज्यांनी त्या खोल्यांत एकही पावसाळा काढलेला नाही त्यांनी चाळसंस्कृतीच्या नावाने गळा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या लेखाचा विषय वेगळा आहे. या व्यवहारात खोली मोजली गेली, खोलीबाहेरची जागा कोणाच्याच नावे मोजली गेली नाही. तिथे रोज खेळणाऱ्या, बसणाऱ्या, झोपणाऱ्या माणसांचा तिच्यावर नेमका कोणता हक्क होता, हा प्रश्न चाळी उभ्या होत्या तोवर कोणी विचारला नाही. विचारण्याची गरजच नव्हती.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, अशी ती योजना होती. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, ८० खोल्यांची. गिरण्यांपासून लांब आणि भाडे परवडेना, म्हणून वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यांतल्या काहींचा तात्पुरता तुरुंग केला. पुढे मुलांनी जिथे विटी-दांडू मांडला त्या आवारात आधी सत्याग्रही कैद्यांच्या फेऱ्या झाल्या होत्या.

चाळी ओळीने बांधल्या आणि दोन ओळींत अंतर सोडले. हे अंतर खेळासाठी नव्हते. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईच्या नगररचनेला हवा आणि उजेड यांचा ध्यास लागला होता. त्या हिशेबात ही जागा हवेसाठी सोडलेली होती. तिचे अंगण केले ते राहणाऱ्यांनी. हिशेब सोपा आहे. १६० चौरस फुटांत आठ माणसे, म्हणजे माणशी २० चौरस फूट, एका चटईएवढी जागा. त्यातच मोरी, चूल, ट्रंका आणि देव्हारा. गिरणीत तीन पाळ्या चालत. रात्रपाळीचा माणूस दिवसा खोलीत झोपला की मुलांनी बाहेर जायचे, हा खेळ नव्हता, घराचा नियम होता. बाहेर म्हणजे आधी गॅलरी, मग दोन चाळींमधली पट्टी आणि थोडे मोठे झाल्यावर जांबोरी मैदान.

त्यामुळे इथे ‘करमणुकीसाठी मोकळी जागा’ हा शब्दप्रयोग अपुरा पडतो. पापड वाळत घालणे, लग्नाचा मांडव, उन्हाळ्यातली रात्रीची झोप, तालमीतली जोर-बैठक, संध्याकाळचा कॅरम, होळी, गणपती, मयताची तयारी, हे सगळे एकाच जागेवर आलटून पालटून होई. गिरणगावची कबड्डी अशाच मातीत वाढली. गुरुपौर्णिमेच्या सुमाराला गोविंदा पथकांचा सराव सुरू होई आणि थरावर चढणारा पोरगा कुठल्या चाळीचा, याची चौकशी कोणी करत नसे. मैदानावर क्रिकेटचे चार-पाच डाव एकमेकांत घुसलेले असत. एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्ट्यांपाशी उभा. मुंबईच्या सगळ्याच मैदानांवर हे दिसते, आणि याला कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही.

हे चित्र फार गोड करण्याचेही कारण नाही. मोकळी जागा सर्वांना सारखी मोकळी कधीच नव्हती. मुलगी वयात आली की मैदानावरचा तिचा वावर आटोपत असे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा झाली, तिच्यावर दगड आले आणि दंगल पेटली. पुढचे काही महिने कोणी कुठल्या चाळीपुढून जायचे आणि कुठल्या नाही, हे जातीवर ठरत होते. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण वरून टाकलेल्या दगडी पाट्याने मारला गेला. भस्मे आयोगाने या दंगलींची चौकशी केली. रूढीने चालणाऱ्या जागेचे हे दुसरे अंग आहे. ज्याचा वरचष्मा त्याची रूढी. म्हणूनच प्रवेशाचा हक्क नुसत्या सवयीवर सोडता येत नाही, असे मला वाटते.

आता कागदाकडे वळू. शहरातल्या मोकळ्या जागा कायद्याच्या दृष्टीने दोन जातींच्या असतात आणि सगळा घोटाळा त्या एकच आहेत असे समजण्यात आहे. पहिली जात विकास आराखड्यातल्या आरक्षणाची : खेळाचे मैदान, बाग, मनोरंजन मैदान. ही जागा शहराची. दादरचा किंवा धारावीचा माणूसही तिथे हक्काने येऊ शकतो. आरक्षित उद्यान दुसऱ्या कामाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगळूरच्या एका प्रकरणात ठणकावून सांगितले. तिथे उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. दुसरी जात इमारतींच्या आवारातल्या मोकळ्या जागेची. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना नियमाने १५, २० किंवा २५ टक्के जागा रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी मोकळी ठेवावी लागते. भूखंड जितका मोठा तितकी टक्केवारी जास्त. ही जागा मोकळी असते, पण सर्वांची नसते. ती त्या आवारातल्या सभासदांची.

या दुसऱ्या जातीच्या जागेचे काय होते, हे दादरच्या कोहिनूर प्रकल्पाच्या निकालात दिसते. बिल्डरांचे म्हणणे असे, की वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर बाग केली की मोकळ्या जागेचा नियम पाळला गेला. १७ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले : नियमाने ठरलेली किमान जागा जमिनीवरच हवी. पुढे २०३४च्या विकास नियमावलीत तडजोड आली. किमान ६० टक्के जमिनीच्या पातळीवर, उरलेली ४० टक्के पोडियमवर चालेल. पोडियमवर गवत उगवते, वडाचे झाड उगवत नाही. आणि मुख्य म्हणजे पोडियमवर जायला उद्वाहन किंवा जिना लागतो, त्याच्या तोंडाशी सुरक्षारक्षक असतो. बाहेरचा मुलगा तिथवर पोहोचत नाही. त्याला कोणी हाकलतही नाही, इतके ते सहज घडते.

बीडीडीच्या जुन्या आवाराची गंमत अशी, की ते या दोन्हींत बसत नव्हते. जमीन सरकारची, देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाची, राहणारे सगळे भाडेकरू. मालक लांब होता आणि त्याला फाटक लावण्यात रस नव्हता. त्यामुळे चाळींमधली पट्टी कागदावर सरकारी आवार आणि व्यवहारात आम रस्ता अशी राहिली. पुनर्विकासात भाडेकरू मालक होतो. त्याची सहकारी संस्था होते, आवार तिच्या हाती जाते. मग संस्थेला वाहनांची सोय हवी, कॅमेरे हवेत, म्हाताऱ्यांना शांतता हवी. या सगळ्या रास्त मागण्या आहेत. त्या पुरवता पुरवता जी जागा १२१ चाळींची होती ती एकेका इमारतीची होते.

जांबोरी मैदान पहिल्या जातीचे, म्हणून ते सुरक्षित आहे असे आपण समजतो. जमीन म्हणून ते सुरक्षित असेलही. पण मैदान न विकताही बंद करता येते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात कलम ३७-अ आहे. खेळाचे मैदान ठरावीक दिवसांसाठी दुसऱ्या कामाला वापरू देण्याची सोय त्यात केली आहे. शिवाजी पार्कसाठी असे ४५ दिवस ठरले आहेत. कार्यक्रमाचा दिवस एक असतो. मांडव घालणे, काढणे, खड्डे बुजवणे आणि माती पुन्हा दबेपर्यंत थांबणे यांचे दिवस मुलांच्या खात्यातून जातात. २०२२ साली जांबोरी मैदान महापालिकेने नुकतेच सुशोभित केले होते आणि तिथे दहीहंडी झाली. पावसात चिखल झाला, राजकीय पक्षांनी एकमेकांना दोष दिला. वाद सगळा मैदान कोणी खराब केले याचा होता. तिथे त्या आठवड्यात कोण खेळू शकले नाही, याचा नव्हता. सुशोभीकरणाबद्दलही एक शंका नोंदवून ठेवतो. पदपथ, कट्टे, दिवे यांनी फिरणाऱ्या ज्येष्ठांची सोय होते खरी, पण दर वेळी खेळाची माती कडेने थोडी कमी होते.

बंद करण्याची तिसरी रीत दत्तक देण्याची. देखभालीला पैसे नाहीत म्हणून महापालिकेने मैदाने आणि बागा संस्थांना सांभाळायला दिल्या. त्यांतल्या काहींवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले, सभासदत्वाची फी आली. जानेवारी २०१६ मध्ये दत्तक धोरण मंजूर झाले तेव्हा नागरिकांनी एवढा गदारोळ केला, की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि दिलेले २१६ भूखंड परत घेण्यास सांगितले. २०२३ मध्ये नव्या नावाने तसाच मसुदा पुन्हा आला. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे आणि केंद्राच्या नगरनियोजन सूचना १० ते १२ चौरस मीटर सांगतात. हा आकडा सगळे उद्धृत करतात. पण त्या सव्वा मीटरातला किती भाग फाटकाच्या आत आहे, ते या आकड्यात दिसत नाही.

हा झगडा या शहराला नवा नाही. १८८१ साली एस्प्लनेडवर खेळणाऱ्या देशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केला होता. गोरे लोक त्याच मैदानावर पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण होई. गोऱ्यांच्या जिमखान्याचे स्वतःचे राखीव मैदान होते, तिथे देशी माणसाला मज्जाव. आणि देशी लोकांच्या मैदानावर मात्र गोऱ्यांचे घोडे. शापूरजी सोराबजी यांनी या लढ्याची हकिकत १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. ‘सर्वांचे’ मैदान आणि ‘राखीव’ मैदान यांतला फरक त्यांना नेमका कळला होता.

आणि तिकडे खुद्द मँचेस्टरला, ज्याच्याशी आपल्या गिरणगावची तुलना होत असे, २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे ४०० कामगार, त्यांत तरुणच जास्त, किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर बेकायदा चढले. तो माळ उमरावाच्या शिकारीसाठी राखलेला होता. रविवार हा त्यांचा एकुलता एक मोकळा दिवस. पाच जणांना कैद झाली. १९४९ साली ग्रामीण भागात प्रवेशासाठीचा कायदा झाला आणि २००० साली डोंगरमाळांवर पायी फिरण्याचा हक्क कायद्यात आला. मला अधिक उपयोगाची वाटते ती इंग्लंडमधलीच आणखी एक तरतूद : एखाद्या जागेवर आसपासचे लोक २० वर्षे उघडपणे, कोणाची परवानगी न घेता खेळत असतील, तर तिची ‘गावचे हिरवळ मैदान’ म्हणून नोंद करून घेता येते. म्हणजे वापर हाच पुरावा. या कसोटीवर बीडीडीचे आवार चार-पाच वेळा उत्तीर्ण झाले असते.

आपल्याकडे असे रजिस्टर नाही. गिरण्यांच्या जमिनींच्या वेळी याची किंमत कळली. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी शहराला मिळायचा होता. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न राहता फक्त रिकाम्या जमिनीची झाली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. एका व्याख्येच्या फेरफाराने मैदाने गेली. ती गेल्याचे कोणाला दिसलेही नाही, कारण ती आधी कधी उघडलीच नव्हती.

वरळीत अजून वेळ गेलेली नाही. इथे मोकळ्या जागा निदान कागदावर आखलेल्या आहेत. लिहायचे आहे ते प्रवेशाचे. जांबोरी आणि आंबेडकर मैदानावर वर्षातले किती दिवस खेळाखेरीज काही होणार नाही, त्यात मांडवाचे दिवस धरायचे की नाही. दोन इमारतींमधून जाणाऱ्या वाटा संस्थांच्या की महापालिकेच्या. आवारातल्या जागेवर शेजारच्या इमारतीच्या मुलांना मज्जाव करण्याचा अधिकार संस्थेला असेल का. मैदानाला कुलूप लावायचे तर ते किती वाजता आणि किल्ली कोणाकडे. ही किल्लीची बाब क्षुल्लक वाटते, पण पाळीवरून येणाऱ्या माणसाला रात्री दहानंतर कट्ट्यावर बसता येईल की नाही, ते तिच्यावर ठरते.

वरळीत साडेनऊ हजारांहून अधिक गाळे आहेत आणि पहिल्या वाटपात त्यांतली ५५६ कुटुंबे आली. बाकीच्यांचे करारनामे, संस्थांच्या नोंदणी, आवाराच्या हस्तांतराचे कागद एकामागून एक व्हायचे आहेत. वरची वाक्ये घालायची झाली तर ती याच कागदांत घालावी लागतील, आणि संस्थेची पहिली सर्वसाधारण सभा वाहनतळाच्या वाटपावरून भांडायला लागण्याच्या आधी.