इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय? डाळिंबावरचं संशोधन त्यात मागे का दिसतं?

सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. २००५ पासून तिथे या एकाच फळपिकावर काम चालतं. 'तेल्या' रोगाने बाग गेली की काय होतं, हे सांगोल्याच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण याच रोगावरचा शोधनिबंध छापून आला की विचारलं जातं: जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?

हिशेब सोपा आहे. समजा एका जर्नलने २०२३ आणि २०२४ मध्ये मिळून १०० लेख छापले. २०२५ मध्ये इतर संशोधकांनी आपल्या लेखांत त्यांचा संदर्भ १५० वेळा दिला. १५० भागिले १००, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर १.५. ही कल्पना अमेरिकेतल्या यूजीन गारफिल्ड यांची. आज क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी हे आकडे जाहीर करते.

आता अडचण बघा. कर्करोगावर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात, डाळिंबावर मोजक्याच. संदर्भ देणारेच कमी, तर आकडा मोठा येणार कुठून? शिवाय मोजणी मागच्या दोन वर्षांच्या लेखांची. डाळिंबाचं झाड लावून पहिला बहार धरायलाच साधारण तेवढा काळ जातो! आणि सल्ला वाचून बाग वाचवणारा शेतकरी कुठल्याही जर्नलमध्ये संदर्भ देत नाही.

दुसरं म्हणजे ही सरासरी जर्नलची असते, लेखाची नाही. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या जर्नलचा आकडा २००८ मध्ये २ च्या आसपास होता, २००९ मध्ये तो जवळपास ५० झाला. कारण एकच: जॉर्ज शेल्ड्रिक यांच्या एका लेखाला हजारो संदर्भ मिळाले. बाकीचे लेख होते तसेच होते. तो लेख दोन वर्षांच्या मोजणीतून बाहेर पडला आणि आकडा पुन्हा २ वर आला.

तरीही प्राध्यापकाची बढती यात अडकते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या जर्नलमधल्या लेखाला ५ वाढीव गुण, तर १० च्या वर असलेल्याला ३०.

मग बनावट आकड्यांचा बाजार उभा राहिला नसता तरच नवल. २०१८ मध्येच पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं की विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत आलेल्या, तपासलेल्या जर्नल्सपैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असू शकतात. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. नंतर आलेली 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख संस्थेने आणि संशोधकानेच करायची.

त्यामुळे "इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, चार दिवसांत प्रकाशन" असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर आधी क्लॅरिव्हेटच्या यादीत त्या जर्नलचं नाव शोधा. मग संपादक मंडळातल्या एखाद्याला ईमेल करून विचारा, तुम्ही खरंच तिथे आहात का? पैसे भरायचे की नाही, ते त्यानंतर.