डब्यातला माचा आणि आपला शेवगा

गागोदे बुद्रुकहून बोलतेय. मागच्या महिन्यात आमच्या गटाची शेवग्याच्या पाल्याची पूड बघायला एक व्यापारी आले. जाताना म्हणाले, "ताई, पाकिटावर 'माचा' लिहा, तिप्पट भाव देतो." बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माचा काय असतो ते मलाही धड माहीत नव्हतं. मग एका काकूंच्या सुनेने मुंबईहून डबा आणला. 30 ग्रॅमचा, किंमत हजाराच्या वर! आम्ही तो करून, पिऊन पाहिला.

माचा हा जपानचा चहा. झाड आपल्या चहाचंच. पण तोडणीआधी तीन-चार आठवडे मळ्यावर सावली धरतात. ऊन कमी मिळालं की पान गर्द हिरवं होतं, तुरटपणा कमी होतो. कोवळी पानं वाफवून वाळवतात, देठ-शिरा काढतात आणि दगडी जात्यावर दळतात. जातं तापू नये म्हणून सावकाश फिरवतात, तासाला जेमतेम 30-40 ग्रॅम पूड पडते. तासाभरात मूठभर दळण, म्हटल्यावर सगळ्या हसल्या. पण किंमत कशाची ते कळलं.

डब्यावर 'सेरेमोनियल ग्रेड' असतं. म्हणजे जपानी चहा-समारंभात नुसत्या पाण्यात घुसळून पिण्याजोगा. पण या शब्दाला सरकारी मोजमाप नाही, विकणारा आपल्या मनाने लिहितो. म्हणून पूडच बघावी. रंग कोवळ्या पोपटी पानासारखा तजेलदार हवा. पिवळट, शेवाळी पूड जुनी किंवा हलकी. बोटावर वस्त्रगाळ लागली पाहिजे. घटकांत चहापत्तीशिवाय साखर, दूध पावडर, रंग काही नको. उजी, निशिओ असं गावाचं नाव आणि तारीख असेल तर बरं. डबा लहानच घ्यावा, उघडला की महिन्या-दोन महिन्यांत संपवावा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात झाकण घट्ट लावा, आणि सुकट-सोड्यांच्या शेजारी तर ठेवूच नका, वास लगेच धरतो.

पातळ चहाला जपानीत उसुचा म्हणतात. एका माणसाला 2 ग्रॅम, म्हणजे साधारण सपाट चमचा. पूड चहाच्या गाळणीतून वाडग्यात चाळा, नाहीतर गुठळ्या होतात. आमच्या पहिल्या वेळी झाल्याच. पाणी उकळतं नको, कडू होतं. उकळलेलं पाणी दोनदा या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं की 80 अंशांच्या आसपास येतं. त्यातलं 70 मिली, म्हणजे लहान अर्धा कप, घाला. बांबूची बारीक काड्यांची रवी असते. ती ताकाच्या रवीसारखी गोल फिरवायची नाही, मनगटाने पुढे-मागे भरभर हलवायची. वर बारीक फेस आला की लगेच प्यायचा, पूड खाली बसते. दूध-साखर नाही. चव? निम्म्या जणींनी तोंड वाकडं केलं, मला मात्र आवडला.

एक सांगते. यात पान पुरतं पोटात जातं, त्यामुळे कॅफीन चांगलंच असतं. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर गोळी आणि जेवणापासून तास-दोन तास लांब ठेवा. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

शेवगा हे चहाचं झाडच नाही. एकाचं नाव दुसऱ्याला लावून विकणं हा अन्नसुरक्षा कायद्याने गुन्हा आहे, आणि नोटीस आली तर ती गटाच्या नावानेही येणार. आम्ही 'शेवगा पाला पूड' असंच छापलं. ते व्यापारी परत आलेले नाहीत.